आधी कोपरे, मग देव

शरयूमावशींबरोबर म्युझियममध्ये जायचं असेल तर पार्किंगचं तिकीट दिवसभराचं काढायचं, पोटभर खाऊन निघायचं आणि बसायला काहीतरी बरोबर न्यायचं. इतर माणसं दोन-चार दालनं फिरतात, कॅफेत स्कोन खातात, गिफ्ट शॉपमधून एक मग घेतात आणि उजेड असेपर्यंत घरी येतात. मावशी एक दगड बघायच्या. एकच! आणि तोसुद्धा कोपऱ्यांपासून. वरचा डावा कोपरा, वरचा उजवा, मग खालचे दोन, मग कडा. मधे जो कोण देव असेल त्याने आपला नंबर लागेपर्यंत थांबायचं. मीही थांबायचं. माझ्या कमरेची त्यांना काडीची पर्वा नव्हती.

"अहो मावशी, देव मधे आहे," मी एकदा वैतागून म्हटलं.

"तो कुठे पळून जातोय? कोपऱ्यातलंच निसटतं."

शरयूमावशी म्हणजे डॉ. शरयू लिमये. जन्म साताऱ्याचा, डॉक्टरकी पुण्याची आणि नोकरी सगळी लीड्सच्या हॉस्पिटलात. रेडिओलॉजिस्ट. पेशंटला हात न लावता नुसत्या फिल्म बघून त्याच्या पोटात काय चाललंय ते सांगायचं, हे काम त्यांनी जन्मभर केलं. छातीचा एक्स-रे बघताना सगळे मधल्या हृदयाकडे धावतात आणि फुफ्फुसाच्या टोकाचा डाग राहून जातो, म्हणून कोपऱ्यांपासून सुरू करायचं. दुसरा नियम, आधी दिसतं ते सांगायचं आणि मग वाटतं ते. रिटायर झाल्यावर हे दोन्ही नियम त्यांनी हॉस्पिटलात ठेवून यायला हवे होते. त्या ते घरी घेऊन आल्या, आणि घर माझ्या शेजारी होतं.

आता त्या नाहीत. तरी परवा किराणा दुकानात फ्लॉवर निवडताना मी कडेकडेने तो तपासत होते, तेव्हा माझं मलाच हसू आलं आणि मग रागही आला.

मी त्यांच्या तावडीत सापडले ती आमच्या मंडळाच्या तिळगूळ समारंभात. आम्ही नुकतेच रोमला जाऊन आलो होतो आणि मी कौतुकाने फोनवरचे फोटो दाखवत होते. त्यात एक दगडी शिल्प होतं. "हा बघा मावशी, देव बैलाला मारतोय."

"देव कुठे दिसला तुला?"

"हा काय, हा!"

"टोपी घातलेला माणूस दिसतो. देव हे तुझं मत झालं. गुडघा कुठे आहे त्याचा?"

"बैलाच्या पाठीवर."

"डावा हात?"

"बैलाच्या नाकात बोटं घातलीयत. ईऽ!"

"ईऽ हेही मत. शेपटीच्या टोकाला काय आहे?"

मी फोटो मोठा केला. शेपटीच्या टोकाला चक्क गव्हाची ओंबी होती! फोटो मी काढलेला, फ्रेममध्ये मी हसत उभी, आणि ओंबी मला लीड्समधल्या एका कम्युनिटी हॉलमध्ये हातात तिळाची वडी धरून पहिल्यांदा दिसली. मावशींनी समाधानाने मान हलवली. माझं नशीब तिथेच फुटलं.

तो मित्र नावाचा रोमन सैनिकांचा देव, इकडचे लोक मिथ्रास म्हणतात. जिथे जिथे रोमन पलटणी गेल्या तिथे त्याची गुहेसारखी अंधारी देवळं बांधली गेली. आमच्या उत्तरेत रोमन सम्राट हेड्रियनने बांधलेल्या भिंतीपाशीही आहेत. जवळपास प्रत्येक देवळात हेच चित्र. मधे बैल आणि तो, खाली रक्ताला तोंड लावणारा कुत्रा आणि साप, झग्यापाशी कावळा, दोन बाजूंना दोन मशालवाले, एकाची मशाल वर आणि एकाची खाली, आणि वरच्या कोपऱ्यांत सूर्य-चंद्र. पण त्या पंथाची पोथी एकही उरली नाही. हे सगळं कशासाठी, ते कुणी लिहूनच ठेवलेलं नाही.

"रिपोर्ट हरवलाय, फिल्म तेवढी शिल्लक आहे," मावशी म्हणायच्या. "माझ्यासाठीच ठेवलीय म्हण ना!"

या वेडापायी आमच्या गणपतीची जी शोभा झाली ती अजून कुणी विसरलेलं नाही. त्या वर्षी देखावा गुहामंदिराचा करायचं ठरलं. मावशी म्हणाल्या, माझ्याकडे एका गुहामंदिराचं चित्र आहे. कमिटीच्या मीटिंगमध्ये त्यांचा फोन हातोहात फिरला. चित्र काळपट, हॉलचे दिवे मिणमिणते.

"काय दिसतंय?" मावशींनी विचारलं.

आमचे अध्यक्ष जोगकाका म्हणाले, "वा! शंकर आणि नंदी! किती प्रेमाने मान धरलीय बघा नंदीची."

"नीट बघा जोग."

"बघितलं हो. फारच सुरेख. काय भाव आहे चेहऱ्यावर!"

सगळ्यांनी वा वा केलं. मीही केलं, कारण मला घरी जायचं होतं. मावशी गप्प बसल्या. चित्राचा भलामोठा बॅनर छापून आला आणि गणपतीच्या मागे लागला. पहिल्या दिवशी आरती ऐन रंगात आलेली, सुनंदाकाकू तबक ओवाळत पुढे गेल्या, वर बघितलं आणि किंचाळल्या, "अगं बाई! सुरा आहे त्याच्या हातात! आणि ते कुत्रं काय चाटतंय?" आरती मधेच अडली. टाळ वाजवणारे वाजवतच राहिले. धावाधाव करून कुणीतरी जेवणाच्या टेबलांवरची पांढरी कापडं आणून बॅनरवर टाचली, पण ती वरपर्यंत पुरेनात. विसर्जनापर्यंत आमच्या गणपतीमागे एक सूर्य, एक चंद्र आणि एक कावळा एवढंच दिसत होतं. कावळा! ऐन गणपतीत!

मावशींना जाब विचारायला मीटिंग बोलावली गेली. त्या आल्या, शांतपणे बसल्या आणि म्हणाल्या, "मी काय दिसतं ते विचारलं होतं. तुम्ही सगळ्यांनी काय वाटतं ते सांगितलंत." प्रकरण मिटवायला जोगकाका मोठ्या मनाने म्हणाले, "जाऊ द्या, शेवटी मित्र हा वेदांमधला आपलाच देव." झालं! तिथे मान डोलवून गप्प बसायचं की नाही? पण नाही.

"नाव सारखं म्हणून पेशंट सारखा होत नाही, जोग. हॉस्पिटलात दोन पटेल असतात म्हणून आम्ही जन्मतारीख विचारतो. तो आपला असेलही. पुरावा आणा, मग बोलू."

पुढच्या वर्षीच्या कमिटीत मावशी नव्हत्या. त्यांना घ्यायचं असं कुणाला सुचलंच नाही. वाईट मात्र मलाच वाटलं, त्यांना नाही.

मग एका गुरुवारी त्या दारात उभ्या. "मंजू, मी गाडी विकली. शनिवारी तू रिकामी असतेस." हा प्रश्न नव्हता. मी फार्मसीत आठवडाभर उभी असते, शनिवार हा माझा झोपायचा दिवस, हे सगळं मी मनात बोलले आणि शनिवारी सकाळी त्यांना घेऊन उत्तरेकडे निघाले. त्या मेतकूट-चीजची सँडविच घेऊन आल्या होत्या. मला डब्याच्या कोपऱ्यातलं दिलं.

तिकडे त्या रोमन भिंतीच्या बाजूला एक लहानसं म्युझियम आहे आणि तिथे मित्राचं एक शिल्प. वालुकाश्माचं, झिजलेलं. त्याच्यापुढे उभं करून माझी परीक्षा सुरू झाली.

"विंचू कुठे आहे?"

"खाली."

"खाली कुठे?"

"मावशी, खाली म्हणजे... खालीच हो."

"वृषणावर! तुला फार्मसी शिकवली कुणी?" हे खणखणीत आवाजात. मराठी कुणाला कळणार म्हणून मी निर्धास्त होते, तर लेस्टरहून आलेलं एक गुजराती कुटुंब वळून आमच्याकडे बघायला लागलं. तो शब्द त्यांनाही कळतो. मी जाऊन दुसऱ्या दालनातली मडकी बघत उभी राहिले.

पण त्यांचं खरं भांडण विंचवाशी नव्हतं, पाटीशी होतं. या शिल्पातल्या देवाचं डोकं तुटून गेलेलं, मानेचा नुसता खुंट राहिलेला. आणि शेजारच्या पाटीवर लिहिलं होतं की देव आपल्या बळीकडे खाली बघतो आहे. मावशींचं म्हणणं, साफ चूक. इतर सगळीकडे हा देव सुरी खुपसताना मान फिरवून दुसरीकडे बघतो. इथेही मानेवर ताणलेल्या स्नायूची तिरकी रेघ आहे, म्हणजे मान वळलेलीच होती. त्यांनी म्युझियमला रीतसर रिपोर्ट पाठवला होता, आधी निरीक्षणं आणि मग निष्कर्ष. तिथली फिओना नावाची क्युरेटर प्रत्येक वेळी हसून म्हणायची, "दॅट्स रिअली फॅसिनेटिंग, डॉक्टर लिमये." याचा अर्थ 'आता पुरे' असा, इंग्लंडात इतकी वर्षं काढल्यावर हे मला कळतं. मावशींनाही कळत होतं. तरी आम्ही शनिवारमागून शनिवार तिकडे जातच राहिलो.

"एका पाटीसाठी किती जीव खाल त्या पोरीचा?" कॅफेत मी शेवटी म्हटलं. "आणि अहो, हे काय? दूध टेबलावर ओतताय!"

"कप बरोबर मधे ठेवलास तू," त्या म्हणाल्या. "मधलं मला दिसत नाही."

मला वाटलं थट्टा करतायत. त्यांनी रुमालाने दूध पुसलं, तेही अर्धवट. "मॅक्युला गेलाय, पडद्याचा मधला ठिपका. दोन्ही डोळ्यांचा. माझ्या प्रकाराला औषध नाही. कडा शाबूत राहतात, त्यामुळे अगदी आंधळी नाही होणार. फक्त ज्याच्याकडे बघेन ते दिसणार नाही."

मला रडू यायला हवं होतं. मला संताप आला. "आणि हे मला आत्ता सांगताय? इतके महिने मी तुम्हाला पायऱ्यांवरून अशीच चढवतेय-उतरवतेय!"

"तू फार्मसीत आहेस. ते तू मला सांगायला हवं होतंस."

मी कप उचलून टेबलाच्या कडेला ठेवला.

परतताना एका गर्दीच्या राउंडअबाउटवर त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. जागा निवडायची त्यांची ही पद्धत.

"ह्यांचा स्कॅन मीच वाचला होता. घरच्यांचा वाचायचा नसतो. वाचला. सगळीकडे पसरलं होतं. ह्यांना सांगायचं मीच ठरवलं, संध्याकाळी चहाच्या वेळी. सांगितलं सगळं नीट, पण खिडकीबाहेर बघत. शेजाऱ्यांच्या कुंपणाचं हेज वाढलं होतं, त्याच्याकडे. हे माझ्याकडे बघत होते आणि मी हेजकडे. पुढे चार महिने होते हे, पण ते बघायचं राहिलं ते राहिलंच."

मी कुठला एक्झिट ते विसरले आणि पुन्हा एक फेरी घातली.

"दगडातला तोही करायचं ते करतो, मंजू, पण बघवत नाही त्याला. आणि तरी ते शिपाई त्याला देव म्हणत होते. आणि ही बया लिहिते, खाली बघतो आहे! मला निदान हे एवढं तरी धड दिसतंय तोवर नक्की करायचंय."

"मावशी, राउंडअबाउटवर नका हो असलं काही सांगत जाऊ!" मी ओरडले. मागचा हॉर्न वाजवत होता. माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि वायपरने ते जाणार नव्हतं.

त्यानंतर फिओनाच्या मागे लागायचं काम मी घेतलं. मी काही रिपोर्ट वगैरे पाठवले नाहीत, सरळ फोनवरून पिच्छा पुरवला. शेवटी ती कबूल झाली. म्युझियम उघडण्याआधी यायचं, ती दालनाचे दिवे घालवेल, आम्ही बाजूने टॉर्च मारून बघायचं. आडव्या उजेडात दगडावरची बारीकशी रेघही उठून दिसते, ही मावशींची पद्धत. ती दिवे घालवून शेजारी हाताची घडी घालून उभी राहिली. मावशींनी आपला टॉर्च माझ्या हातात दिला.

"मला दिसणार नाही. तू बघ. दिसतं ते सांग."

मी सवयीने कोपऱ्यांपासून सुरू केलं. सूर्य आहे. चंद्र अर्धा आहे. मशालवाल्याचे पाय आहेत, एकावर एक टाकलेले. कुत्रा. साप. मावशी हुंकार देत होत्या. मग मी मानेवर आले आणि रेघ दिसली. ठसठशीत, तिरकी, अगदी त्यांनी सांगितल्यासारखी. मला इतका आनंद झाला की मी टॉर्च दगडावरच आपटला असता.

"आहे मावशी! रेघ आहे!"

"कुठे संपते?"

मी टॉर्च खाली सरकवला. मग आणखी खाली.

"मंजू, रेघ कुठे संपते?"

एकच शब्द बोलायचा होता. मानेवर. फिओनाला त्यातलं काही कळलं नसतं आणि मावशींना कधी दिसलं नसतं.

"संपत नाही, मावशी," मी म्हटलं. "मानेवरून झग्यावर जाते आणि तिथून सरळ बैलाच्या खांद्यावर. तिच्या कडा धारदार आहेत. बाकी सगळं झिजून गुळगुळीत झालंय, हीच तेवढी नवी दिसते."

आम्ही काय बोलतोय ते फिओनाने विचारलं. मी सांगितलं. ती हळूच म्हणाली की हा दगड शेतात सापडला होता, नांगराला लागून. नांगर! मेल्याला दुसरीकडे कुठे नांगरता आलं नाही?

"मान वळलेली दिसते?" मावशींनी विचारलं.

"नाही."

"खाली झुकलेली?"

"तेही नाही. मान अशी उरलेलीच नाही हो."

मी त्यांचा हात धरला, त्यांनी तो सोडवून घेतला. "मी बघितलं तेव्हाच मधलं पुसट व्हायला लागलं होतं," त्या म्हणाल्या. "कडा नीट बघितल्या. मधे मला हवं ते बघितलं." मग फिओनाकडे, म्हणजे तिच्या जरा डावीकडे, वळून ताठ इंग्रजीत, "आय विथड्रॉ माय रिपोर्ट. बट युवर लेबल इज ऑल्सो राँग. नोबडी कॅन से व्हेअर ही इज लुकिंग."

फिओना या वेळी फॅसिनेटिंग म्हणाली नाही. ती म्हणाली, "नो. यू आर क्वाइट राइट."

गाडीत त्यांनी पट्टा लावला आणि टॉर्च पर्समध्ये ठेवला. मला राहवेना. "मी खोटं सांगायला हवं होतं का?"

"मी तुला तिथेच गाडीतून उतरवलं असतं."

"अहो, गाडी माझी आहे!"

"तरीही."

मग मी जे मनात होतं ते बोलून टाकलं. काकांनी ते कधीच मनावर घेतलं नसेल, त्यांनी तुम्हाला माफ केलं असेल, वगैरे. मावशींनी ऐकून घेतलं.

"ते तुझं मत," त्या म्हणाल्या, पण नेहमीसारख्या तोडून नाही. "ह्यांनी काय केलं असेल ते मला माहीत नाही. आजवर माफ केलं नाही असं धरून चालले होते. त्यालाही पुरावा नाही. आता तेवढंच लिहायचं. माहीत नाही." आणि मला हायवेवरच्या सर्व्हिसेसला थांबायला सांगून त्यांनी स्वतःहून दोन कॉफी मागितल्या, साखर घालून. त्या एरवी साखर घेत नसत.

पुढे त्यांची मुलगी त्यांना लंडनला, स्टॅनमोरला घेऊन गेली आणि तिथेच त्या वारल्या. मी शेवटचं भेटायला जाऊ शकले नाही. मला आठवतं ते त्याआधीचं, नवी पाटी लागल्यावर आम्ही मुद्दाम बघायला गेलो ते.

पाटी मी वाचून दाखवली. देवाचं मस्तक गेलेलं आहे, तो कुठे बघत होता ते सांगता येत नाही. "ठीक आहे," एवढंच म्हणून मावशी दगडापुढे उभ्या राहिल्या. डोळ्यांच्या क्लिनिकमध्ये त्यांना एक शिकवलं होतं. जे बघायचं त्याच्याकडे बघायचं नाही, त्याच्या बाजूला बघायचं, म्हणजे शाबूत कडेतून ते दिसतं. त्याचा सराव लागतो आणि मान दुखते. त्या तोंड उजवीकडे वळवून, रिकाम्या भिंतीकडे नजर लावून, कितीतरी वेळ तशाच उभ्या होत्या. मी बसायला स्टूल आणलं होतं, पण बसले नाही.

दालनात एक जोडपं आलं. त्यातली बाई मावशींकडे बघून नवऱ्याला हळू आवाजात म्हणाली, "पुअर थिंग. शी इज नॉट इव्हन लुकिंग."

माझं टाळकंच सटकलं. "शी इज लुकिंग!" मी एवढ्या मोठ्याने ओरडले की गार्ड दारात आला. "शी इज लुकिंग मोअर दॅन यू!"

ती दोघं घाईघाईने बाहेर पडली. मावशींनी मान हलवली नाही.

"ओरडू नकोस मंजू," भिंतीकडे तोंड करूनच त्या म्हणाल्या. "आत्ता कुठे मधलं दिसायला लागलंय."